मऊ पुकारा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. आमच्या कोर्टाची पहिली पायरी मधोमध इतकी झिजलीय की तिच्यात पाणी साचतं. त्यावरून शहरात शहाणे किती, याचा अंदाज बांधावा. मी स्वतः पायरी चढत नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आवारात, फाटकाला लागून, पायरीच्या अलीकडे आहे. तारीख पडली की कागदांच्या नव्या प्रती लागतात आणि तारखा काही संपत नाहीत. त्यामुळे न्यायाला उशीर होतो या विषयावर मी आजवर जाहीर तक्रार केलेली नाही. आपल्याच पोटावर पाय कोण देतं?

दाजींची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, कोर्टातले शिपाई. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारणं हे त्यांचं काम. दुपारच्या सुट्टीचा टोलही तेच द्यायचे. व्हरांड्यात लोखंडी रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे, त्यावर दांडा हाणायचा. तो वाजला की इमारत अशी रिकामी होते की आग लागली तरी एवढी झटपट होणार नाही. सगळं आवार दाजींना भोंगा म्हणायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, दाजींनासुद्धा नाही.

तरुणपणी ते बसस्टँडवर होते. गाडी कुठे जाणार ते ओरडून प्रवासी गोळा करायचे. तिथे एकदा एक म्हातारे जज्जसाहेब गाडीची वाट बघत बसले होते. साहेबांना कमी ऐकू यायचं. वकील काय बोलतात ते त्यांना कळत नसे, म्हणून ते नुसत्या चेहऱ्यांवरून निकाल देत. तरी त्यांचे निकाल फारसे चुकत नसत, असं जुने लोक सांगतात. दाजींची हाक कानावर पडली आणि साहेब उठून उभेच राहिले. "कित्येक वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला ऐकू येईल असं बोललं," म्हणाले, आणि त्यांनी दाजींना कोर्टात चिकटवून दिलं. नोकरीसाठी पाकीट द्यावं न लागलेला आमच्या कोर्टातला हा एकमेव माणूस.

आता पुकाऱ्याचं शास्त्र. ज्याचा दावा असेल त्याचं नाव दारातून तीनदा पुकारायचं. तिसऱ्या हाकेलाही तो आला नाही, तर तो गैरहजर, आणि त्याचा दावा रद्द. वर्षानुवर्षांचा खटला तीन हाकांत खलास. कायद्यानं तीनदा पुकारायला सांगितलंय. किती मोठ्यानं, ते सांगायला कायदा करणारे विसरले. त्यांच्या या विसरभोळेपणावर कित्येकांनी मजले चढवले. समोरच्या पार्टीनं पाकीट सरकवलं की पुकारणारा भिंतीच्या कानात सांगितल्यासारखं तीनदा नाव घेतो आणि आत जाऊन म्हणतो, "साहेब, कोणी नाही." याला आमच्याकडे मऊ पुकारा म्हणतात. खालच्या मजल्यावरचा एक शिपाई यात इतका तयार होता की त्याचं नाव मांजर पडलं. मांजरानं पुकारलेलं त्याच्या स्वतःच्या मिशांनाही कळत नसे. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात म्हणे. मांजरानं न बोलता घर बांधलं आणि वर गच्चीत झोपाळा लावला.

तो झोपाळा माझ्या ताईच्या डोळ्यांत सलायचा. "एवढासा माणूस, त्याला जमतं. तुम्हालाच काय धाड भरलीय?" ती दाजींना विचारायची.

दाजी प्रामाणिक होते अशी समजूत करून घेऊ नका. पैसे त्यांनाही हवे होते. त्यांना हळू बोलता येत नव्हतं, एवढीच अडचण होती. मग ताईनं घरीच शिकवणी लावली. ती दाराच्या एका बाजूला, दाजी दुसऱ्या बाजूला. "म्हणा, अगदी हळू म्हणा, भाजीत मीठ कमी आहे." दाजींनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि आपल्या परीनं कुजबुज केली. थोड्या वेळानं तळमजल्यावरच्या काकू वाटीत मीठ घेऊन वर आल्या.

तरी एकदा त्यांनी पाकीट घेतलंच. एका घरमालकाच्या वकिलानं दिलेलं होतं. बिचारा भाडेकरू खाली उभा होता, त्याला ऐकू जाऊ नये एवढंच बघायचं होतं. दाजी दारात आले, वाकले, तोंड भिंतीकडे केलं, वर हाताचा आडोसा धरला, आणि जे काही बाहेर पडलं त्यानं तो भाडेकरू तर धावत आलाच, पण त्याच आडनावाचे आणखी दोघे दुसऱ्या कोर्टांतून हात जोडत आले. वकिलानं पाकीट परत मागितलं. "भोंग्या, तोंड बंद ठेवायचे पैसे दिले होते रे तुला," असं तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

ही बातमी पसरताना वाटेत बदलली. भोंग्यानं पाकीट परत केलं, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. कुठल्याशा मंडळानं त्यांना आदर्श कर्मचारी म्हणून पितळी ढाल दिली. भाषणात अध्यक्ष म्हणाले, "यांचा आवाज म्हणजे न्यायाचा आवाज!" दाजींना यातलं एक अक्षरही खरं वाटलं नाही, पण आवाजाची स्तुती झाल्यावर ते लाजले. ताईनं त्या ढालीनं बरेच दिवस दुधाचं पातेलं झाकलं.

आता गिरणीवालीकडे वळते. नवरा गेला आणि तिचे डोळे पुसून होण्याआधीच दिरानं पिठाच्या गिरणीला आपलं कुलूप ठोकलं. गिरणी नवऱ्याची, आतलं यंत्र हिच्या दागिन्यांवर घेतलेलं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त कोर्टाला पटवून द्यायचं राहिलं होतं. तेवढ्यात तिचे केस पिकले. एक जज्ज आले, फाइल समजायला लागली आणि त्यांची बदली झाली. दुसरे आले ते रजेवर गेले. दिराच्या वकिलाची सासू वारली, म्हणून तारीख. पुढच्या वर्षी तीच सासू पुन्हा वारली. मग फाइल हरवली. सापडली तेव्हा ती दुसऱ्याच कोणाच्या घटस्फोटात अडकलेली होती. हिचा स्वतःचा वकील दोन्ही ताटांत जेवायचा, आणि दिराच्या ताटात वाढप जास्त होतं.

या सगळ्या काळात ती पोटासाठी दुसऱ्याच्या गिरणीत मजुरीनं दळत होती, आणि त्या धडधडीनं तिचे कान खाल्ले. दावा लावला तेव्हा पलीकडच्या खोलीत दूध उतू गेलेलं तिला ऐकू यायचं. आता माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसून ती मला विचारायची, "मी फार मोठ्यानं बोलते का ग?" आणि रस्त्यावरचे रिक्षावाले वळून बघायचे. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, तशातली गत. सबंध आवारात तिला एकच आवाज ऐकू यायचा, तो भोंग्याचा. "तो पुकारतोय ते कळतंय, म्हणजे मी अजून आहे," ती म्हणायची. हे मी दाजींना एकदा सांगितलं होतं. त्यानंतर तिचं नाव आलं की ते जरा जास्तच ताणून पुकारायचे.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. पहिली, नव्या जज्जबाई आल्या. कडक बाई. जुने दावे निकाली काढा असं त्यांना वरून सांगितलं होतं, आणि दावा निकाली काढायचा सोपा मार्ग म्हणजे माणूस गैरहजर मिळणं. एका गैरहजेरीची माफी नाही, पुढची तारीख नाही. वर व्हरांड्यात गर्दी नको म्हणून त्यांनी सगळ्यांना खाली आवारात थांबायला लावलं. नाव पुकारल्याशिवाय जिना चढायचा नाही, जिन्याशी पहारेकरी. म्हणजे आता सगळा न्याय एका हाकेवर येऊन ठेपला.

दुसरी गोष्ट, दाजींच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरनं कापून काढली. गाठ साधी होती, पण जाताना आवाज घेऊन गेली. उरला तो नुसता वारा. "मीठ" म्हटलं तर समोरच्या माणसाला ओठांवरून ओळखावं लागे.

आवाज गेलेल्या माणसाला पुकाऱ्यावरून काढून कागद लावायला बसवायचं, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. आमच्या शिरस्तेदारांना, म्हणजे कचेरीतल्या मुख्य कारकुनांना, ते सुचलं नाही. उलट त्यांनी दाजींची पाठ थोपटली. "सावकाश पुकारा, घशाला ताण देऊ नका." त्यांचाही वाटा होता त्यात. वकिलांमध्ये एकच आनंद झाला. इतका मऊ पुकारा करणारा माणूस, वर आदर्श कर्मचाऱ्याची ढाल मिळालेला, म्हणजे संशयच नको! मांजराला दर खाली आणावे लागले. ताईच्या घरी फ्रिज आला. "देवानं उशिरा दिलं, पण दिलं," ती मला म्हणाली. मी काय बोलणार? उन्हाळ्यात त्या फ्रिजमधलं गार पाणी मीही प्यायलेय.

दाजी मात्र खंगत गेले. पापाचा पैसा पचत नव्हता वगैरे काही नाही, जेवण नीट चाललं होतं. त्यांना हाक मारायची सवय होती. एकदा दुकानात येऊन बसले आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "पूर्वी मी नाव घेतलं की माणूस वळायचा. काय मजा होती त्यात! आता घरात मी हाक मारतो आणि मांडीवरची नातसुद्धा मान वर करत नाही." मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी यंत्र बंद केलं आणि त्यांना चहा मागवला.

गिरणीवालीच्या तारखेच्या आदल्या दिवशी तिचा दीर ताईकडे जाऊन आला. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर मी ताईच्या झिंज्या धरून काय ती विचारपूस केली असती. पाकीट ताईनं घेतलं आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवलं. सकाळी डबा भरताना ती दाजींना म्हणाली, "गिरणीवालीचं नाव आलं की रोजच्यासारखंच पुकारा. तुम्हाला वेगळं काही करायचंच नाहीये."

दाजींनी डबा उचलला. बोलले असते तरी तिला ऐकू गेलं नसतं म्हणा.

त्या दिवशी माझ्याकडे ही गर्दी. गिरणीवाली आली, नेहमीच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर. दाजींचं ऑपरेशन झाल्याचं तिला सांगायचं माझ्या मनात होतं, पण गिऱ्हाईक सोडेना. तिचा वकील दुसऱ्या कोर्टात महत्त्वाच्या कामात असल्याचा निरोप आधीच पाठवून बसला होता. दिराचा वकील वर हात हलवत गेला. हातात फाइलसुद्धा नाही, कशाला ओझं वाहायचं?

अकराच्या सुमारास दाजी व्हरांड्याच्या कठड्याशी आले. त्यांनी तोंड उघडलं. मी खालून बघितलं, पण माझं यंत्र खडखडत होतं आणि दाजी जांभई देतायत असं मला वाटलं. गिरणीवाली मात्र उठून उभी राहिली. कानामागे हात धरून ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. दाजींनी दुसऱ्यांदा तोंड उघडलं, मिटलं. गिरणीवालीनं कानात बोट घालून हलवलं. परत बघितलं. मग खाली बसली आणि पदराचं टोक तोंडाला लावून रडायला लागली.

"गेले ग," ती मला म्हणाली, आणि सगळ्या आवारानं ते ऐकलं. "भोंगा ओरडतोय आणि मला ऐकू येत नाही. आज उरलेले कानही गेले माझे."

दाजींनी हे वरून ऐकलं. आत शिरस्तेदारांनी वेळ वाचवायला आधीच लेखणी उचलली होती. "गैर" एवढं लिहून झालं होतं, तिसऱ्या हाकेनंतर "हजर" जोडलं की काम संपलं. दाजी वळले, चार पावलं चालले, दांडा उचलला आणि रुळाच्या तुकड्यावर सुट्टीचा टोल दिला. जीव खाऊन दिला. आवाज गेल्यापासून पोटात साठलेलं सगळं त्या दांड्यात उतरलं होतं.

आमच्या कोर्टात खून झाला तरी कोणी धावत येणार नाही, पण जेवणाच्या सुट्टीला सगळे धावतात. खुर्च्या मागे सरकल्या, डब्यांच्या पिशव्या निघाल्या. वकील वाक्य अर्धं टाकून निघाले. शिरस्तेदार "गैर"वर लेखणी आडवी टाकून निघाले. "अहो, अजून वेळ आहे," जज्जबाई घड्याळ बघून म्हणाल्या आणि मान वर केली तर समोर रिकामी बाकं. एकट्या जज्जानं कोर्ट चालत नाही. त्याही डबा घेऊन आत गेल्या. जिन्याशी पहारेकरीही नव्हता, त्याची तर भूक नेहमीच सगळ्यांच्या पुढे. दाजी खाली आले, गिरणीवालीला दंडाला धरून उठवलं, जिना चढवला आणि कोर्टातल्या पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. स्वतःच्या डब्यातलं अर्धं तिला दिलं.

पुढे मी त्यांना विचारलं होतं, "दाजी, इतक्या लोकांना मऊ पुकारा केलात, मग हिच्यासाठीच का?"

ते चिडले. आवाज नसतानाही चिडले. "ती नुसती गैरहजर लागली असती, तर ते मी होऊ दिलं असतं. रोजच करत होतो. पण आवाज माझा गेला आणि ती स्वतःला बहिरी समजून रडत होती. माझं वैगुण्य तिच्या माथी कसं मारू?"

म्हणजे बघा, त्यांना अन्याय सहन झाला असता. कलेचा अपमान नाही झाला.

सुट्टीनंतर गिरणीवाली हजर होती. शिरस्तेदारांनी तोंड वाकडं करून "गैर" खोडलं. दिराचा वकील उठला, रिकामे हात पाठीमागे लपवत म्हणाला, "आमच्या घरी जरा दुःखद घटना..." जज्जबाईंनी फाइल वाचलेली होती. अवेळी जेवल्यानं त्यांचं डोकंही दुखत होतं. "आता कोण? सासूच का पुन्हा?" त्यांनी विचारलं. कोर्टात पहिल्यांदा हशा पिकला. मग गिरणीवाली स्वतःच बोलली. बहिऱ्या माणसाच्या आवाजात बोलली, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या कोर्टांनाही तिची बाजू समजली. पुढच्याच आठवड्यात किल्ली तिच्या हातात आली. दिरानं वरच्या कोर्टात अपील केलंय. ते चालू आहे. चालू दे, गिरणीही चालू आहे.

ताईनं दिराचं पाकीट भाजीच्या कप्प्यातून काढून थंडगार परत केलं आणि महिनाभर दाजींशी अबोला धरला. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी अबोला! तिलाच आधी कंटाळा आला.

दाजींना मात्र निलंबित केलं. आरोप काय, तर अवेळी टोल देऊन न्यायदानात अडथळा आणला. आमच्या कोर्टात न्यायदानात अडथळा आणल्याबद्दल झालेली ही पहिलीच चौकशी. बाकी कोणी आणलाच नसावा. तोवर घरी बसून करायचं काय, म्हणून दाजी गिरणीत जायला लागले. तिथे पट्टा फिरायला लागला की कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही, सगळा कारभार खुणांनी. दाजींचं काही अडत नाही. दळण झालं की गिऱ्हाइकाचं नाव गिरणीवाली पुकारते, आणि चौकापलीकडची माणसं डबे घ्यायला येतात.

चौकशीची तारीख खालच्या मजल्यावर होती, म्हणजे पुकारायला मांजर. तीन हाकांत उत्तर आलं नाही तर दाजी गैरहजर, नोकरी गेली, ताईच्या म्हातारपणाची सोय गेली. दिरानं मांजराला भेटून घेतलं होतं, हे सांगायला नकोच. आम्ही सगळे बाकावर बसलो होतो. दाजी, ताई, मी, आणि अंगावर पीठ तसंच ठेवून आलेली गिरणीवाली.

मांजर दारात आलं आणि ओठ हलवले. मला काही कळलं नाही, ताईला नाही. दाजींचा घसा गेला होता, कान नव्हते गेले. जन्मभर जे करायला जमलं नाही ते दुसऱ्यानं केलेलं त्यांना बरोबर ओळखू येत होतं. ते उभे राहिले. "हजर," म्हणाले. वाऱ्याची झुळूक गेली. मांजर छताकडे बघत होतं. दुसरी हाक. दाजींनी दोन्ही हात वर केले. मांजरानं मिशी पुसली. ताई "अहो, हे बघा ना" म्हणत पुढे धावली तर नाव पुकारल्याशिवाय यायचं नाही म्हणत पहारेकऱ्यानं तिला जिथल्या तिथे अडवलं.

दाजींनी गिरणीवालीला कोपरानं ढोसलं आणि स्वतःच्या छातीकडे बोट केलं. ती उठली.

"हजर!" ती म्हणाली. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या, एका कोर्टातून जज्जबाई बाहेर डोकावल्या, मांजराच्या हातातला कागद खाली पडला. "हजर आहे हा! कधीचा सांगतोय बिचारा! बहिरे झालात का सगळे?"